एक बाप, तीन मुलगे आणि झिवानची दाढ

स्मिल्याचं पत्र येऊन पंधरा महिने झाले होते आणि तोशा मास्तरांनी त्याला अजून उत्तर लिहिलं नव्हतं.

पत्राला उत्तर न देणारी माणसं दोन प्रकारची. एक पत्र विसरतात. त्यांना झोप चांगली लागते. दुसऱ्यांना ते रोज आठवतं, आणि रोज आठवतं म्हणूनच लिहायचं राहून जातं, कारण उशीर झाल्यावर नुसतं उत्तर पुरत नाही. दहा दिवस उशीर झाला तर एक पान आणि थोडी दिलगिरी चालते. पंधरा महिन्यांनंतर निदान एखादा ग्रंथ तरी पाठवावा लागतो. मास्तर या दुसऱ्या प्रकारात मोडत. पत्र त्यांनी लॅटिनच्या जाड शब्दकोशात घालून शब्दकोश वरच्या फळीवर ठेवला, सहज हात जाऊ नये म्हणून. परिणाम एवढाच झाला की पंधरा महिने त्यांनी एकही लॅटिन शब्द पाहिला नाही, आणि पत्र मात्र तोंडपाठ झालं.

स्मिल्या मित्रोवित्साच्या शाळेत त्यांच्याकडे लॅटिन शिकलेली, पहिल्या बाकावरची. आता सुबोतित्साला राहणारी. तिचे वडील वारले तेव्हा त्यांच्या पाकिटात एक नाणं निघालं, चिंचोक्याएवढं, काळपट हिरवं. तिच्या आजोबांना ते मागच्या अंगणात संडासाचा खड्डा खणताना मिळालेलं. तेव्हापासून दर नाताळला ते घरच्या चेस्नित्सात, म्हणजे सणाच्या मिठाईत, जायचं, अक्रोड-मधाच्या पापुद्र्यांत दडून, आणि ज्याच्या घासात येईल त्याचं वर्ष चांगलं जायचं. आता तिची मुलगी तियाना नर्स होऊन जर्मनीला निघणार होती. तिथे नाताळला एकटी असेल, म्हणून नाणं तिच्याबरोबर द्यायचं होतं. "सोबत तुमच्या अक्षरात एक कागद द्या, मास्तर," स्मिल्याने लिहिलं होतं, "हा कुठला सम्राट तेवढं सांगा. तुम्हीच वर्गात म्हणायचात, नाणं हातात द्या, सम्राटाचं नाव मी सांगतो."

मास्तर तसं म्हणायचे हे दुर्दैवाने खरं होतं. एकेचाळीस वर्षं, दर सप्टेंबरला, पहिल्या तासाला. आणि एकेचाळीस वर्षांत एकाही पोराने त्यांच्या हातात नाणं दिलं नव्हतं. ज्या गावात एकेकाळी सम्राट राहून गेले, जिथे कांदे लावायला खणलं तरी रोमन वीट लागते, तिथे एकाही पोराला नाणं सापडू नये याचं कोणालाच नवल वाटलं नाही, कारण त्यामागचं शास्त्र प्रत्येक मित्रोवित्साकर आईच्या दुधाबरोबर शिकतो. जमिनीतून काही निघालं की आधी इकडेतिकडे बघायचं, मग त्यावर माती लोटायची, आणि शिकलेल्या माणसाला तर अजिबात कळू द्यायचं नाही. शिकलेल्याला कळलं की सरकारला कळतं, सरकारला कळलं की अंगणात दोऱ्या बांधून कोणीतरी दात घासायचे ब्रश घेऊन बसतं, आणि तुमचं न्हाणीघर नातवाच्या लग्नापर्यंत पुरं होत नाही. त्यामुळे मास्तरांचं ते वाक्य एकेचाळीस वर्षं सुरक्षित राहिलं. जो पाण्यात उतरतच नाही तो कधी बुडतही नाही.

आता नाणं खरंच हातात आलं होतं.

मास्तरांच्या पुस्तकांतले सम्राट सोन्याचांदीचे असत. मांडवात उभ्या असलेल्या नवरदेवासारखे ठसठशीत, भोवती अशी अक्षरं की बालवाडीतल्या पोरानेही वाचावीत. स्मिल्याचं नाणं म्हणजे साम्राज्याच्या उतरत्या काळातली ब्राँझची चिल्लर. एका बाजूला कोणाचं तरी डोकं, त्याला नाक नाही. दुसऱ्या बाजूला दोन आकृत्या. पहिल्या दिवशी मास्तरांनी त्यांना देवता मानलं, दुसऱ्या दिवशी झाडं, आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाशी आठवडाभर झटापट केल्यावर ते दोन सैनिक ठरले, मध्ये एक निशाण रोवलेलं. तेवढ्यावरून घराणं लागलं. कॉन्स्टन्टाइनचं घराणं. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी उत्तराचा पहिला कागद पुढे ओढला आणि "प्रिय स्मिल्या" असं लिहूनही टाकलं.

तिथेच गाडी रुतली. कॉन्स्टन्टाइन सम्राटाने एवढं राज्य सांभाळलं, राजधानी हलवली, धर्म फिरवला. पण मुलांची नावं ठेवायची वेळ आली तेव्हा त्याच्या अंगात त्राण उरलं नसावं. एकाचं नाव कॉन्स्टन्टाइन, दुसऱ्याचं कॉन्स्टन्टियस, तिसऱ्याचं कॉन्स्टन्स. त्या बारशांना एकही आत्या हजर नव्हती हे उघड आहे. या तिघांच्याही आधीच्या मुलाचं नाव तेवढं वेगळं ठेवलं होतं, तर त्याला पुढे बापानेच ठार करवलं. बरं, नावं सारखी असोत, चेहरे तरी वेगळे असावेत. पण टाकसाळीने चौघांना एकच चेहरा वाटून दिला आणि चौघांच्या पाठीमागे तेच दोन सैनिक उभे केले. स्मिल्याच्या नाण्यावर जी पाच-सात अक्षरं तग धरून होती ती नेमकी चौघांच्याही नावाची सुरुवात. जिथून नावं वेगळी होतात तिथून नाणं झिजलेलं.

"प्रिय स्मिल्या" हा कागद त्या दिवशी पत्रासोबत शब्दकोशात गेला. पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. मास्तर अधूनमधून भिंग घेऊन बसत, नाणं खिडकीशी धरत, आणि एकदा बाप, एकदा मधला मुलगा, एकदा धाकटा असं प्रत्येकाला पटवून घेत. बायकोला, म्हणजे दारिंकाला, नाणं कोणाचं हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी ते पाकिटात घालून पोस्टात टाकलं असतं, वर "आमच्या यांना येत नाही" अशी चिठ्ठी जोडून.

मग सप्टेंबरात कोसाने बातमी आणली. कोसा म्हणजे शेजारच्या झिवानची बायको. झिवान रेल्वेतून निवृत्त झालेला आणि निवृत्तीनंतर सल्ला देण्याच्या खात्यात बिनपगारी रुजू झालेला. दारिंका बाजारात गेलेली, कोसा पलीकडच्या शेजारणीला कुंपणावरून मिरच्या देत होती आणि मास्तर आत खिडकीपाशी बसून ऐकत होते. कोसा सांगत होती की स्मिल्याचा भाऊ योवा, तोच जो बापाच्या घरावर मजला चढवतोय, परवाना आहे की नाही देव जाणे, तो बाजारात म्हणत होता की मास्तरांनी नाणं दाबलं. साधं नाणं असतं तर आठ दिवसांत परत आलं असतं. ज्या अर्थी वर्ष झालं त्या अर्थी काहीतरी घबाड असणार. पोरगी येत्या जानेवारीच्या शेवटी जर्मनीला निघणार, आणि स्मिल्या बिचारी भिडेखातर विचारत नाही.

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणापासून त्यांची अब्रू कानाच्या पाळ्यांत राहायची. चोर म्हणून आजवर कोणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. वाचनालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलं तर ते स्वतःहून दंड भरत आणि ग्रंथपालबाईंची क्षमाही मागत. पण परिस्थिती अशी नाजूक होती: नाणं "माहीत नाही" म्हणून परत करावं तर गावातला एकमेव विद्वान म्हणून असलेलं नाव बुडालं, ठेवून घ्यावं तर प्रामाणिक म्हणून असलेलं. दोन्ही नावं वाचवायची तर एकच वाट होती. जानेवारी संपायच्या आत त्या डोक्याचं नाव शोधायचं.

त्यासाठी नाणं आधी साफ करायला हवं होतं. पुस्तकात लिहिलं होतं की ऑलिव्हच्या तेलात भिजत ठेवा आणि महिनोन्महिने धीर धरा. धीर मास्तरांकडे मुबलक होता. ऑलिव्हचं तेल मात्र दारिंकाच्या बहिणीने समुद्राकडून आणलेलं, आणि ते दारिंका औषधासारखं थेंब मोजून वापरायची. मास्तरांनी कॉफीच्या एका कपात ते भरून घेतलं, नाणं त्यात सोडलं आणि बाटलीत तेवढंच सूर्यफुलाचं तेल ओतून ठेवलं. प्रामाणिक म्हणून असलेलं नाव वाचवण्याच्या कामाची सुरुवात अशी झाली.

कप स्वयंपाकघराच्या फळीवर दिसताच झिवानला वास लागला. तो म्हणाला की तेलाने काही होत नाही, व्हिनेगर आणि मीठ. रेल्वेत पितळी दांडे अशानेच चकाकवायचे. कोसाचं मत पडलं की व्हिनेगर कशाला, पिंपात कोबी आंबवलाय, त्याचं पाणी काढा, रात्रभर ठेवा, सकाळी सम्राट आरशासारखा दिसेल. मास्तरांनी भीतभीत सांगितलं की आंबट पाण्याने वरचा राप जातो, आणि रापाबरोबर चेहराही जातो. झिवानने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. म्हणाला, चेहरा आहेच कुठे जायला. नंतर त्याने मोबाइल काढला आणि अशीच नाणी जर्मनीत दोन युरोला मिळतात, हवी तर वीस एकदम, हे दाखवून दिलं. आणि लगेच असंही म्हणाला की दोन युरोच्या नाण्यासाठी माणूस एवढा झटत नसतो, त्यामुळे तुमचं वेगळं असणार, मास्तर, आम्हाला काय सांगता.

डिसेंबरात मास्तरांनी मन घट्ट केलं आणि कोट घालून पुराणवस्तूंच्या कचेरीत गेले. कचेरीत नाणी ओळखणाऱ्या बाई होत्या, पण त्या नाताळानंतरच येणार होत्या, आणि त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी अर्ज भरायचा होता. अर्ज घेणारा कारकून तरुण आणि नम्र होता. नम्र कारकून फार अवघड. उद्धट असेल तर रागावून निघून येता तरी येतं. त्याने विचारलं, वस्तू कुठल्या सर्व्हे नंबरच्या जमिनीत सापडली, किती खोलीवर, आणि जमिनीवर सध्या बांधकाम चालू आहे का.

मास्तरांच्या डोळ्यांपुढे योवाचा अर्धवट मजला उभा राहिला, त्याच्या खाली तो ऐतिहासिक संडास, आणि भोवती दोऱ्या बांधून बसलेली ब्रशवाली माणसं. खरं सांगावं तर योवाचं घर बंद पडणार आणि बाजारात नवी बातमी निघणार: मास्तरांनी नाणं दाबलं ते दाबलं, वर चुगलीही केली. खोटं बोलायची सवय नाही, आणि पाठीमागे रांग.

"चेस्नित्सात सापडलं," मास्तर म्हणाले.

कारकुनाने पेन थांबवलं. "खोली?"

"दुसरा पापुद्रा."

कारकुनाने अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला. मिठाईसाठी रकाना नव्हता. त्याने तो परत मास्तरांच्या हातात ठेवला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "आजोबा, बरं वाटत नाहीये का? बसता का जरा?"

मास्तर बसले नाहीत. घरी येईपर्यंत कानाच्या पाळ्या थंडीने गार पडायला हव्या होत्या, पण पडल्या नाहीत.

इथला नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे सात जानेवारीला, आणि त्याच्या आदल्या दिवशी दारिंकाच्या घरात माणसाला उभं राहायला जागा नसते. जमिनीवर सणाचं गवत पसरलेलं, ओट्यावर अक्रोडांची रास, मधाची बरणी, लाटलेले पापुद्रे खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घातलेले. मास्तरांना सणाला चुलीत घालायची ओकची फांदी आणायला पाठवण्यात आलं. फांदी आणायला पाठवणं म्हणजे मास्तरांना घराबाहेर काढणं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात दारिंकाच्या लक्षात आलं की चेस्नित्सात घालायला नाणं नाही. घरचं चांदीचं नाणं गेल्या वर्षी जावयाच्या घासात आलं आणि जावई ते खिशात टाकून नोव्ही सादला निघून गेला, मागायचं कसं. तेवढ्यात फळीवरचा कप दिसला. तिला भरून आलं. चौदा आठवडे हा माणूस तिच्या चेस्नित्साचं नाणं तेलात घालून मऊ करतोय आणि तोंडातून एक शब्द काढत नाही, नेहमीसारखाच. तेल कुठून आलं तेही तिला वासावरून समजलं, पण सण होता, तिने माफ केलं. नाणं तिने सोड्याने चोळलं, जुन्या ब्रशने खसाखसा घासलं, दहा मिनिटं उकळलं आणि तिसऱ्या पापुद्र्याखाली सरकवलं.

चौदा आठवड्यांचं शास्त्र आणि पाव तासाची भांडी घासणी यांतला फरक मास्तरांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळायचा होता.

नाताळच्या सकाळी पहिला पाहुणा म्हणून झिवान आला. पहिल्या पाहुण्याच्या पायगुणावर घराचं वर्ष अवलंबून असतं, म्हणून त्याला काही म्हणता येत नाही. "ख्रिस्त जन्मला," तो दारातून म्हणाला. "खरोखर जन्मला," मास्तर म्हणाले. झिवानने चुलीतली लाकडं ढोसली, ठिणग्या उडवल्या, घरात पिलं, कोकरं आणि सुख यांची भरभराट मागितली, आणि गुडघा धरून खुर्चीत बसला तो जेवणापर्यंत उठलाच नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या यादीत तो तीन वर्षं होता. सध्या त्याचा नंबर दोनशे अकरा. कोसा जेवायला आली. सूप झालं, कोबीच्या पानांत खिमा गुंडाळलेल्या सारमा झाल्या, डुकराचं भाजलेलं मांस झालं, आणि दारिंकाने चेस्नित्साची परात मध्ये ठेवून तुकडे पाडले: एक घराला, एक वाटसरूला, चार चौघांना.

तिसऱ्या घासाला झिवानच्या तोंडात कटकन वाजलं. अक्रोडाचं टरफल, असं त्याला वाटलं, आणि रेल्वेतला माणूस टरफलाला हार जात नाही, म्हणून त्याने आणखी जोरात चावलं. मग तो थांबला. त्याने तोंडात दोन बोटं घातली आणि आधी दातांचा धातूचा पूल बाहेर काढला, दोन तुकड्यांत, आणि त्यामागोमाग मधाने चिकट झालेलं नाणं.

"लागलं," तो म्हणाला, पण पुलाशिवाय ते शिट्टीसारखं ऐकू आलं. "माझं लागलं. गुडघा यंदा होतोय."

दारिंका आणि कोसा हसायला लागल्या. मास्तरांनी फळीकडे पाहिलं. कप धुऊन पालथा घातलेला होता.

आता इथे रीत काय ती स्पष्ट आहे. ज्याच्या घासात नाणं, त्याचं नशीब, आणि नाणंही त्याचंच. जावयाकडून जे मागता आलं नाही ते पहिल्या पाहुण्याकडून मागणं म्हणजे तर घरालाच पनवती. झिवानने नाणं चाटून पुसून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं आणि खिशावर तळहात. मास्तरांनी पुष्कळ बहाणे केले. नाणं धुऊन देतो म्हणाले. चांदीचं आणून देतो म्हणाले. नुसतं बघू द्या म्हणाले. झिवान म्हणाला, नशीब धुवायचं नसतं, बदलायचं नसतं आणि दाखवायचं तर मुळीच नसतं. एवढी वर्षं शाळेत शिकवलंत, एवढं माहीत नाही?

झिवान जेवून उठला की नाणं त्याच्या दवाखान्याच्या कागदांत जाणार आणि गुडघा होईपर्यंत निघणार नाही. तियाना निघायला तीन आठवडे.

मास्तर उभे राहिले. उभं राहायचं कारण नव्हतं, पण अपराध कबूल करायचा तर उभं राहावं असं त्यांनी एकेचाळीस वर्षं पोरांना सांगितलं होतं.

"झिवान, ते नाणं माझं नाही," ते म्हणाले. "स्मिल्याचं आहे. तिने पंधरा महिन्यांपूर्वी पाठवलं, सम्राट कोण म्हणून विचारायला. मी उत्तर दिलं नाही."

दारिंकाच्या हातातला चमचा परातीत पडला. "तोशा, तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू पाठवून दिलं असतंस."

"म्हणजे काय, दिलंच असतं."

"तेच."

झिवानने खिशावरचा हात काढला नाही, पण थोडा पुढे वाकला. "बरं. मग सांगा तरी, मी कोणाचं नशीब खाल्लं? सम्राट कोण?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले.

चुलीत लाकूड फुटलं. एकेचाळीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतरच्या नऊ वर्षांत हे दोन शब्द त्यांनी या घरात पहिल्यांदा उच्चारले होते. जमीन दुभंगली नाही. दुभंगली असती तर बहुतेक खाली रोमन फरशी निघाली असती.

"पंधरा महिने माहीत नव्हतं?" झिवानने विचारलं.

"नव्हतं."

"मग पंधरा महिने केलंत काय?"

"लाजत होतो."

झिवान मागे टेकला. "मला वाटलं गिऱ्हाईक शोधताय," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडी निराशा होती. "आणि तुम्हाला माहीत नाही हे मला ठाऊकच होतं, मास्तर. ज्याला माहीत असतं तो बाजारात अशी मान खाली घालून चालत नाही. सरळ येऊन तासभर डोकं खातो."

"नाणं दे त्यांना," कोसा म्हणाली.

"आणि माझा गुडघा?"

"सोळाशे वर्षं मातीत पडून त्या नाण्याने स्वतःचं भलं केलं नाही, तुझ्या गुडघ्याचं काय करणार? चावलंस तेव्हाच तुझं नशीब तुला मिळालं. उरलं ते नुसतं लोखंड."

"ब्राँझ," मास्तर म्हणाले. त्यांना राहवलं नाही.

झिवानने बराच विचार केला. शेवटी त्याने नाणं टेबलावर ठेवलं, आणि दारिंकाने न विचारताच जर्दाळूच्या दारूची जुनी बाटली त्याच्यासमोर आणून ठेवली. दात आणि नशीब यांचा हिशोब तिथेच मिटला, निदान त्या दुपारपुरता.

पाहुणे गेल्यावर मास्तरांनी खिडकीशी भिंग धरलं. जे व्हायचं ते झालं होतं. सोडा, ब्रश आणि उकळतं पाणी यांनी सम्राटाचा उरलासुरला चेहरा साफ नेला होता. आधी नाक नव्हतं, आता डोळाही नव्हता. गाल होता तोही हनुवटीपासून कानापर्यंत एका लांब, चकचकीत ओरखड्याने कापलेला. अक्षरांपैकी एकही उरलं नव्हतं. आता तो बाप होता की थोरला की मधला की धाकटा हे जगातली कोणतीही बाई, नाताळानंतर आली तरी, सांगू शकली नसती. मास्तरांनी भिंग पुसलं. मग त्यांनी नाणं उलटं केलं.

मागचं किटण निघालं होतं. दोन सैनिक उभे होते, मध्ये एकच निशाण, आणि सैनिकांच्या पायांखाली जिथे वर्षभर नुसती हिरवी माती होती तिथे टाकसाळीची तीन अक्षरं स्वच्छ दिसत होती. मास्तरांनी पुस्तक उघडलं, बंद केलं, चष्मा पुसून पुन्हा उघडलं. नंतर वरच्या फळीवरून शब्दकोश काढला, त्यातला तो कागद काढला आणि "प्रिय स्मिल्या"च्या पुढे लिहायला लागले. दिलगिरीला त्यांनी चार पानं योजली होती. शेवटी एवढंच झालं:

"प्रिय स्मिल्या, हा कुठला सम्राट ते मला माहीत नाही. बाप असेल किंवा तीन मुलांपैकी कोणीतरी एक. वर्गात मी जे म्हणायचो ते मला कधीच येत नव्हतं. कोणी विचारलं नाही म्हणून निभावलं. उत्तराला उशीर झाला तो याच लाजेने, दुसरं कारण नाही. योवाला हे वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

"जे माहीत आहे ते सांगतो. हे नाणं सिस्कियाच्या टाकसाळीत पाडलं. ते गाव आपल्याच साव्हाच्या काठी आहे, वर, चार-पाच दिवसांच्या नावेच्या वाटेवर. निशाण एकच आहे, म्हणजे तो काळ बाप मरायच्या थोडा आधीचा किंवा नंतरची तीन-चार वर्षं. सिस्कियाहून ते नदीने खाली आलं असावं, कोणाच्या तरी पगारात, आणि तुमच्या मागच्या अंगणात पडलं. तियानाला सांग, तिच्या आधीही हे नाणं बरंच फिरलेलं आहे.

"सम्राटाच्या गालावर जो ओरखडा आहे तो प्राचीन नाही. या नाण्यावरची तेवढी एकच गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो: तो आमचे शेजारी झिवान यांच्या खालच्या डाव्या दाढेचा असून सात जानेवारीला दुपारी दोनच्या सुमारास पडला. साक्षीदार तिघे. नाणं चुकून आमच्या चेस्नित्सात गेलं. त्या नशिबातलं थोडं झिवानच्या गुडघ्याकडे गेलं असल्यास रागावू नये. उरलेलं सगळं तियानाचं. तुझा, तोशा मास्तर."

सुट्टी संपल्यावर पोस्ट उघडलं तेव्हा मास्तर रांगेत पहिले होते. पाकीट रजिस्टर करायचं होतं. खिडकीतल्या बाईंनी ते वजनाला लावलं आणि मास्तरांनी परत मागून घेतलं, कारण "मला कधीच येत नव्हतं" हे जरा जास्त झालं असं त्यांना वाटलं. बाजूला होऊन त्यांनी पाकीट उघडलं, वाक्य पाहिलं, तसंच राहू दिलं आणि नव्या पाकिटात घातलं. दुसऱ्यांदा त्यांनी ते पत्ता तपासायला मागितलं. तिसऱ्यांदा हात पुढे आला तेव्हा बाईंनी पाकीट स्वतःच्या बाजूला ओढलं.

"आजोबा, आत काही चुकलंय का?"

"चुकलेलं आहेच," मास्तर म्हणाले. "म्हणूनच पाठवतोय."

बाईंनी शिक्का उचलला आणि दाणकन मारला. मास्तरांनी सवयीने मान पुढे करून पाहिलं. गाव, दिवस, महिना, वर्ष, एकही अक्षर झिजलेलं नाही. बाईंनी पाकीट मागच्या टोपलीत टाकलं आणि पावती काचेखालून सरकवली.